सोन्या, घरातला कर्ता पुरुष तू नाहीस

सोन्या,

समोर बसून बोलायला गेले की तू हेडफोन लावतोस म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, मधेच सोडू नकोस.

परवा तुझं दप्तर धुवायला रिकामं केलं तेव्हा गणिताच्या वहीचं मागचं पान दिसलं. क्लासची फी, फ्लॅटचा हप्ता, लाईट बिल, आजीच्या शुगरच्या गोळ्या, खाली माझा पगार तोही अंदाजाने, आणि वजाबाकी करून शेवटचा आकडा पेनाने दोनदा गोल केलेला. तेव्हा कळलं की माथेरानच्या पिकनिकला "बोर होतं" म्हणून तू नाव का दिलं नाहीस.

पप्पा पुण्याला राहायला गेल्यापासून येणारा जाणारा प्रत्येक जण तुझ्या पाठीवर हात ठेवून सांगतो, आता तूच घरातला कर्ता पुरुष, आईला सांभाळ. सगळे मायेनेच बोलतात पण मला ते मुळीच पटत नाही. घर मी चालवते रे. ऐरोलीतल्या या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो आणि उरतं त्यात आपलं भागतं. काही कमी पडलं तर मी सांगेन ना तुला.

मी हल्ली याच्यावर बरंच वाचतेय. अमेरिकेतल्या काही समाजशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वडील घरात नसण्यावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले, तर मार्कांवर होणाऱ्या परिणामाचा पुरावा तितका पक्का नव्हता, पण मुलांच्या वागण्यावर, म्हणजे चिडणं, मारामारी, नियम मोडणं यावर होणारा परिणाम बराच स्पष्ट होता, त्यातही मुलग्यांमध्ये कदाचित जास्त. आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास नव्वदच्या दशकात जन्मलेल्या हजारो मुलांची वर्षानुवर्षं माहिती ठेवलीय, त्यात ज्या मुलींचे वडील लहानपणीच घरातून गेले त्यांच्यात पुढे डिप्रेशनची लक्षणं जास्त दिसली. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, आणि घरातली भांडणं, पैशांची ओढाताण हेही त्यात येतंच. पण वाचताना मला टर्फवरची तुझी ती मारामारी आठवली, सगळे म्हणाले पोरगा बिघडला, मला तेव्हाही वाटलं होतं की हा आतून रडतोय.

पॉलीन बॉस नावाच्या एक बाई आहेत, १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी काम केलं. माणूस गेला असंही म्हणता येत नाही आणि घरात आहे असंही नाही, अशा दुःखाबद्दल त्या लिहितात. मला ते इतकं पटलं! कारण या दुःखाला दहावं-तेरावं नसतं, कोणी भेटायला येत नाही. तू रविवारी लवकर अंघोळ करून ती निळी जीन्स घालून बसतोस आणि अकराला मेसेज येतो, "बेटा, नेक्स्ट संडे पक्का". मग तू "मला तसंही जायचं नव्हतं" म्हणून दार लावून घेतोस. पप्पांचा राग येऊ दे, आणि आठवण आली तर तीही येऊ दे, माझ्यासमोर लपवू नकोस, मला त्याचं वाईट वाटत नाही. ते तुझे पप्पा आहेत, आमच्या दोघांतलं आमच्यापाशी.

आता दोन कामाच्या गोष्टी. डोंबिवलीचा मामा दर बुधवारी येणार आहे, शिकवायला नाही, नुसता तुझ्याबरोबर खेळायला, त्याने स्वतःहून विचारलं. आणि ठाण्याला एका काउन्सेलर मॅडमची शनिवारची वेळ घेतलीय, मी बाहेर बसेन, आत काय बोललास ते विचारणार नाही. रात्री दोन-दोनपर्यंत झोप येत नाही तेव्हा मला उठव, मला नाही सांगावंसं वाटलं तर १४४१६ लाव, टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पिकनिकचे पैसे मी भरलेत. शनिवारचं काय ते मला सांग, नाही म्हणालास तर पुढच्या आठवड्यात परत विचारेन.

तुझी
आई