उभ्या गाडीला धडक, भुर्दंड मालकाला का?

नीट लावून ठेवलेल्या गाडीला कोणी ठोकतो आणि नंतरची सगळी धावपळ मात्र मालकाच्या नशिबी येते. ठोकणारा थांबलाच, तर ‘इथल्या इथे मिटवून टाकू’ म्हणत हातावर थोडे पैसे टेकवतो. ते घेण्याची घाई करू नये. बाहेरून दिसतो नुसता ओरखडा. पण बंपर उतरवला की आतल्या क्लिपा तुटलेल्या, सेन्सरची वायर निसटलेली, दिव्याची बैठक सरकलेली निघते. खर्चाचा अंदाज गॅरेजकडून लेखीच घ्यावा. नंबर प्लेट दिसतील असे दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्याच्या विम्याचा तपशील आणि आसपासच्या सीसीटीव्हीचे चित्रण (हे लगेच मागावे, जुने पुसले जाते) जपून ठेवावे.

स्वतःच्या विम्यातून दावा केला, तर ठरावीक वजावट खिशातून जाते, शिवाय नो क्लेम बोनसही (दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सवलत) बुडू शकतो. म्हणून किरकोळ दुरुस्तीत अनेक जण दावाच करत नाहीत. चूक दुसऱ्याची असताना ही झळ आपण का सोसायची? गाडी उभी होती हे पुराव्यानिशी सिद्ध झाले, तर विमा कंपन्यांनी मालकाचा बोनस कायम ठेवावा आणि वसुली ठोकणाऱ्याकडून करावी.

– एक वाचक