ओजेटीचे १२० तास जिल्हा परिषद शाळांना द्या, पण विद्यावेतनासह

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ (ओजेटी), म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, किंवा क्षेत्रप्रकल्प आला. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. मराठी, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विभागांत सत्र संपत आले की ‘ओजेटी कुठे करायची’ म्हणून धावपळ होते आणि ती अनेकदा ओळखीच्या कार्यालयातून सही-शिक्क्याचे पत्र आणून संपते. त्याच तालुक्यात दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळा असतात. या दोघांची गाठ घालून द्यावी, आणि विद्यार्थ्याला त्या कामाचे पैसे मिळावेत, यासाठी हे पत्र.

‘शाळेला मदत’ एवढ्या मोघम आदेशावर विद्यार्थी पाठवला, तर तिसऱ्या दिवशी तो यूडायसचे, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलचे, रकाने भरताना दिसेल. म्हणून एका शाळेला एकच काम ठरवून द्यावे. उदाहरणार्थ, दुसरी ते चौथीचे वाचन. प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी तो कुठवर पोहोचला हे पाहायला साधारण ५ मिनिटे लागतात. ४० मुले म्हणजे २०० मिनिटे, जवळजवळ साडेतीन तास. द्विशिक्षकी शाळेत शिक्षकाला हे साडेतीन तास सलग मिळणे अशक्य असते, कारण तो एका मुलाजवळ बसला की बाकीचे दोन वर्ग मोकळे राहतात. नेमके हेच काम बाहेरून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतो. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ते शिकताही येते.

१२० तास सलग पंधरा-वीस दिवसांत उरकू नयेत. आठवड्यातून दोन दिवस, रोज चार तास, असे १५ आठवडे ठेवावेत. चारपैकी अडीच तास मुलांच्या गटांबरोबर, एक तास शिक्षकांबरोबर पुढच्या दिवसांची शब्दपट्ट्या-वाचनपाठांची तयारी आणि अर्धा तास नोंदी. गट इयत्तेप्रमाणे न करता वाचनाच्या पातळीप्रमाणे करावेत. आठवड्याचे बाकीचे दिवस गट शिक्षकच चालवणार आहेत. त्यामुळे त्यांच्या हाती तयार साहित्य पडले नाही, तर विद्यार्थी गेला की गटही मोडतात. आठव्या आणि पंधराव्या आठवड्यात पुन्हा चाचणी घ्यावी आणि उतारा प्रत्येक वेळी वेगळा असावा. तोच उतारा दिला की मुले तो पाठ म्हणतात आणि आपण त्याला प्रगती समजून बसतो. शेवटची चाचणी शेजारच्या शाळेतल्या प्रशिक्षणार्थीने घ्यावी. आपणच शिकवलेल्या मुलाला तपासताना हात सैल सुटतो.

प्रत्येक काम दुसऱ्या सत्रात बसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचेच पाहा. ती दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, आणि ओजेटीचे सत्र सुरू होते तेव्हा मुले केव्हाच फडावर पोहोचलेली असतात. तरीही या सत्रात करण्यासारखे काम आहे. गेल्या दोन वर्षांची हजेरीपत्रके घेऊन मुलागणिक, महिन्यागणिक गैरहजेरी मोजायची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते, म्हणजे २० दिवसांहून जास्त बुडाले तर दहा टक्क्यांहून जास्त शाळा गेली. सलग नोव्हेंबर ते मार्च गैरहजर असणारी मुले वेगळी काढायची आणि जून उजाडण्याआधी वस्तीवार यादी मुख्याध्यापकांच्या हाती द्यायची. आईवडील तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक यांची तयारी सप्टेंबरात व्हायला हवी, ती या यादीशिवाय अंदाजानेच होते. संख्याशास्त्र किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला क्षेत्रप्रकल्प कुठे मिळणार?

आता पैशांबद्दल. विनावेतन ठेवले तर शहराजवळच्या शाळांनाच विद्यार्थी मिळतील आणि घरची परिस्थिती बरी असलेलेच येतील. सुट्टीत मजुरी करून किंवा दुकानात उभे राहून फी भरणारा विद्यार्थी दोन दिवसांची कमाई सोडून आडगावच्या शाळेत कसा जाईल? आणि अशा गावांतून शिकून आलेला तोच विद्यार्थी त्या मुलांना सर्वांत जवळचा असतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदव्युत्तर उमेदवाराला दरमहा १०,००० रुपये ठरले. महिन्याचे २०० तास धरले तर तासाला ५० रुपये, म्हणजे १२० तासांचे ६,००० रुपये. दहा शाळांच्या एका केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या प्रशासकीय गटाला) शाळेमागे एक विद्यार्थी दिला तर विद्यावेतनाचा खर्च ६०,००० रुपये, प्रवासखर्च वेगळा. हा दर आम्हाला कमीच वाटतो, पण सुरुवात त्याच्या खाली तरी नको.

अडचण अशी की या योजनेच्या निर्णयात शिक्षण चालू असलेले उमेदवार अपात्र ठरवले आहेत. ओजेटी अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तेव्हा तेवढ्यापुरती ही अट शिथिल करावी. ते होईपर्यंत जिल्हा परिषदेने सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, एक-दोन केंद्रांत सुरुवात करावी. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत आणि पहिला रुजू होतानाच द्यावा, कारण एसटीचे भाडे पहिल्या दिवसापासून लागते. सगळी रक्कम शेवटी मिळणार असेल तर निम्मे विद्यार्थी मध्येच गळतील.

करारपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : प्रशिक्षणार्थी रिक्त पदावरचा शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. प्रशिक्षणार्थी वर्गावर उभा करून ती रिकामी जागा झाकली, तर भरतीची मागणीच थंडावेल. म्हणून त्याच्यावर एकट्याने वर्ग सोपवू नये. दुसरी गोष्ट, पोर्टल आणि कागदपत्रांची कामे १२० पैकी १२ तासांहून जास्त नकोत. तिसरी मुलांच्या सुरक्षिततेची : रुजू होण्याआधी पोलीस पडताळणी, बंद खोलीत मुलाबरोबर एकटे बसायचे नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि महाविद्यालयाच्या अहवालात नावांऐवजी फक्त क्रमांक.

देखरेख केंद्रप्रमुखांकडे असावी हे ओघाने आले. पण ज्यांच्याकडे दोन-दोन केंद्रांचा भार आहे, त्यांच्या केंद्रात महाविद्यालयाच्या मार्गदर्शक प्राध्यापकाने महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बसलेच पाहिजे. फोनवरची देखरेख चालणार नाही. शेवटी ऐंशी पानी अहवाल मागण्यापेक्षा एका पानाचे टिपण मागावे : सुरुवातीला किती मुले कोणत्या पातळीवर होती, शेवटी किती आहेत, कोणती मुले मागेच राहिली आणि का. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावे. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळा विकास आराखडाही तीच करते.

पुढच्या सत्रासाठी वेळापत्रक जुळायचे असेल तर केंद्रप्रमुखांनी शाळांची कामे ऑक्टोबरअखेर विद्यापीठांच्या विभागांना कळवावीत आणि विभागांनी नोव्हेंबरात विद्यार्थ्यांची नावे द्यावीत. पोलीस पडताळणीला लागणारे दिवस धरले, तर जानेवारीत शाळेत पाऊल ठेवायला याहून उशीर परवडणार नाही.

आपले,
जिल्हा परिषद शाळांबरोबर काम करणारे शिक्षण कार्यकर्ते