वीस बाइटांचा बॅकअप

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वेब होस्टिंग विभाग

दिनांक: 7 जुलै 2025

विषय: बॅकअपचे पैसे घेऊनही डेटाबेस परत न मिळाल्याबाबत, आणि जुना सर्व्हर न पुसण्याबाबत

महोदय,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची आणि ध्वनिसंग्रह सहा वर्षं तुमच्या सर्व्हरवर आहे. जागेचे वर्षाला 4,720 रुपये आणि ‘रोजचा बॅकअप’ म्हणून वेगळे 1,416 रुपये, दोन्ही जीएसटी धरून, आम्ही एकदाही न चुकता भरले. वर्गणीवर चालणाऱ्या गावच्या वाचनालयात या दुसऱ्या रकमेवर दरवर्षी कार्यकारिणीत वाद होतो आणि दरवर्षी मीच तो खर्च रेटून मंजूर करून घेते. यंदाच्या सभेत मला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना तुम्हाला यावी म्हणून हे लिहिलं.

14 जूनच्या रात्री तुमची डिस्क गेली. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. यंत्र आहे, बंद पडायचंच. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

तीन दिवसांनी ‘तुमची साइट पूर्ववत झाली आहे’ असा मेल आला. उघडून पाहिलं तर मुखपृष्ठांचे फोटो होते, स्कॅन केलेले जुने अंक होते, ध्वनिफिती होत्या. पण पुस्तकांची नावं, लेखकांची नावं, गावांची नावं, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. इंग्रजी पुस्तकं तेवढी वाचता येत होती. दाखल क्रमांक, किंमत आणि वर्ष हे आकडेही शाबूत होते.

फोन केला. तुमच्या पहिल्या माणसाने सांगितलं, ‘कॉम्प्युटरमध्ये मराठी फॉन्ट टाका.’ फॉन्ट नसला की अक्षराच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं नाहीत, एवढं मलाही कळतं. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्याने त्या फाईलमध्ये डोकावून बघितलं आणि कारण काढलं. डेटाबेसची नक्कल घेताना तुमच्या माणसाने जोडणीचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरांचा संच, लॅटिन-1 ठेवला होता. त्या संचात युरोपी अक्षरं बसतात, देवनागरी बसत नाही आणि कन्नडही बसत नाही. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. टोप्या घातलेली चमत्कारिक अक्षरं दिसली असती तर ती उलटी फिरवून मराठी परत मिळवता आलं असतं, असं भाचा म्हणतो. प्रश्नचिन्हातून काही मिळत नाही.

काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा संगणकाच्या लेखी स्वतंत्र अक्षरं. म्हणून ‘बेळगाव’ लिहिलेलं असेल तिथे सहा प्रश्नचिन्हं आहेत आणि ‘बेळगावी’ असेल तिथे सात. कन्नड लिपीत बेळगावी लिहिलं तरी सातच. या गावाच्या नावावरून आणि इथल्या भाषेवरून आमच्याकडे काय काय होऊन गेलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मराठी आणि कन्नड दोघींनाही एका फटक्यात सारखा न्याय देणारे तुम्हीच पहिले.

तीन महिन्यांपूर्वीची नक्कल का लावली, ताजी का नाही, हे विचारायला मी पुन्हा फोन केला. या वेळी तुमच्याकडचा एक तरुण मुलगा भेटला. कन्नडमध्येच बोललो आम्ही, मला अडचण नाही. त्याने बॅकअपचं फोल्डर उघडलं आणि थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, ‘तप्पायतु, मॅडम.’ चुकलं. तेवढा एक शब्द मला तुमच्या कंपनीकडून मिळालेला आहे, आणि तो त्या मुलाचा आहे. कृपया त्याला त्रास देऊ नका.

त्याने जे सांगितलं ते असं. 9 मार्चला तुम्ही आम्हाला जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलंत. हलवताना डेटाबेसचा पासवर्ड बदललात, पण रोज रात्री बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहू दिलात. त्या रात्रीपासून डेटाबेसची नक्कल निघेनाच. स्क्रिप्ट मात्र निघालेलं जे काही असेल ते दाबून जीझिप फाईल करत होती, आणि काहीच न निघालेलं दाबलं तरी 20 बाइटांची फाईल तयार होते. शेवटचं काम दाबण्याचं आणि ते सुरळीत पार पडलेलं, म्हणून पहाटे मला मेल यायचा: ‘बॅकअप यशस्वी.’ असे जवळजवळ शंभर मेल माझ्याकडे आहेत. रोज 20 बाइट! कालपर्यंत काही एमबीची असलेली फाईल आज वीस बाइटांची झाली, हे बघायला इंजिनियर लागत नाही. आमच्याकडच्या किराणा दुकानदारालासुद्धा रिकामं पोतं उचललं की हाताला कळतं.

फोटो आणि ध्वनिफितींच्या फाईली मात्र नीट जमा होत होत्या. त्यामुळे फाईली 14 जूनच्या आणि डेटाबेस 9 मार्चचा, तोही हलवताना घाईत काढलेला, असा जोड तुम्ही आमच्या माथी मारलात. आम्ही पहिल्या दिवशी काही नवी पुस्तकं नोंदवली तर प्रत्येकाला आधीच्याच कुठल्यातरी पुस्तकाचं मुखपृष्ठ चिकटलं, कारण मार्चनंतरचे क्रमांक संगणकाने नव्याने वाटायला घेतले. तेव्हा काम थांबवलं. हे सगळं आम्ही शोधून काढलं. तुम्ही कळवलं नाहीत.

पुस्तकांचं एक वेळ निभेल. दाखल नोंदवही हाताने लिहिलेली आहे, दोन मुली रोज संध्याकाळी बसून पुन्हा टाइप करताहेत.

ध्वनिफितींचं काय करायचं ते मला कळत नाही. 2019 पासून आम्ही जांबोटी, कणकुंबी, नंदगड, हलशी या बाजूच्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होतो. 212 फिती झाल्या. मधेच कन्नड शब्द येणाऱ्या ओव्या या भागात पुष्कळ, त्यामुळे शब्दांचे अर्थ, बाईचं नाव, माहेर, सासर, कोणाकडून शिकली, हे सगळं आम्ही तिथल्या तिथे थेट संगणकात भरत गेलो. माझ्या वहीत पहिल्या चाळीस-एक फितींची टिपणं आहेत, पुढची नाहीत. ‘बॅकअप आहे ना’ म्हणून वही सोडली, ही माझी चूक. फितींच्या फाईलींना नावं नाहीत, फक्त क्रमांक. आज 147 क्रमांकाची फीत लावली की एक बाई माहेरच्या वाटेवरची ओवी म्हणते, आणि तिच्या नावापुढे अकरा प्रश्नचिन्हं आहेत. गेला आठवडाभर मी आईला शेजारी बसवून आवाज ओळखायला लावतेय. ‘ही घाटाकडची नव्हे गं, हेल बघ की,’ असं ती सांगते, पण नाव कुठून सांगणार? यातल्या काही बायका आता हयात नाहीत.

गिटलॅब या सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी मूळ डेटाबेस चुकून पुसला गेला आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नसल्याचं तेव्हा उघडकीला आलं. म्हणजे असं कोणाचंही होतं. पण त्यांनी काय चुकलं ते स्वतःहून जगासमोर मांडलं. तुमचं उत्तर आलं ते ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तिकीट बंद करत आहोत’ एवढंच. ते तिकीट, म्हणजे आमच्या तक्रारीची नोंद, पुन्हा उघडा.

आता मागणं. 9 मार्चपूर्वीचा आमचा डेटाबेस जुन्या सर्व्हरवर धडधाकट होता. ती डिस्क अजून तुमच्याकडे असेल तर ती दुसऱ्या ग्राहकाला देऊ नका, तिच्यावर काही लिहू नका, आणि नक्कल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरी आणि कन्नड दोन्ही बसतील अशा संचात, काढून आम्हाला द्या. तीन महिन्यांचं गेलं तर गेलं, त्याआधीचं मिळेल. आणि लावण्याआधी ती एकदा वेगळ्या जागी उभी करून फितींच्या तक्त्यात 9 मार्चपर्यंतच्या सगळ्या ओळी आहेत का आणि कुठल्याही दहा नोंदी वाचता येतात का, हे बघून मग मला फोन करा. डिस्क पुसलेली असेल तर तसं लेखी कळवा. मार्चपासूनचे बॅकअपचे पैसेही परत हवेत, पण ते नंतर.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यायला नको.

वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. त्या वेळेत फोन करावा, कन्नडमध्ये बोललात तरी चालेल.

आपली,
मानद चिटणीस
(खानापूर तालुका, जि. बेळगाव)

सोबत: दोन्ही पावत्यांच्या प्रती, ‘बॅकअप यशस्वी’ मेल, मार्च ते जून, फीत क्र. 147 च्या नोंदीचा फोटो