अँप्लिफायरवाल्या काकांना, टेंपरवारी कूलरबद्दल

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानात आभार मानायची सोय नाही. 'काका, लई उपकार झाले,' असं मी म्हणालो, तर सोल्डरचा धूर फुंकत तुम्ही 'दार लावून घे, वारं येतंय' एवढंच म्हणालात. म्हणून इथे लिहितोय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. वाचताना वॅट-बिट आलं आणि तो अडखळला, तर तुम्हीच त्याला समजावा.

आधी माझा मूर्खपणा कबूल करतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला. माझ्या अंगावर दिवाळी अंकाची १७६ पानं, म्हणजे सोळाचे अकरा फॉर्म. नवं मशीन घरीच जोडायचं ठरवलं. प्रोसेसर घेतला आय-थ्री १२१००, तोही ट्रे पीस. खोका नाही, सोबतचा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आणि पंखा) नाही, तेवढेच चार पैसे वाचले. कूलर वेगळा मागवला. विकणाऱ्याने त्याच्याबरोबर जुन्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जुन्या पद्धतीच्या खाचेचं, ब्रॅकेट (कूलर बोर्डाला पकडणारी चौकट) पाठवलं. त्या जुन्या सॉकेटच्या मदरबोर्डांवर कूलरची चार भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात असतात, माझ्या या एलजीए १७०० सॉकेटमध्ये ती ७८ च्या. फरक तीन मिलिमीटरचा. भिंगातून बघावा लागेल एवढा, पण स्क्रू काही जाईना. बरोबर ब्रॅकेट यायला सहा दिवस, असं उत्तर आलं.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण तुमच्याकडे यायच्या आधी मी तो कूलर प्रोसेसरवर नुसता ठेवून, वरून हाताने दाबून मशीन चालू केलं होतं. स्क्रीनवर तापमानाचा आकडा ९७ वर गेला आणि मी बटण दाबून बंद केलं. शंभराला पोचला की हा प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, त्यावरही भागलं नाही तर बंद पडतो, जळत नाही. हे मला माहीत होतं, तरी हात थरथरत होता.

मग ती सगळी वरात घेऊन तुमच्याकडे आलो. मंडईमागच्या गल्लीत नवरात्रातली अँप्लिफायरं छातीपर्यंत रचलेली, त्यात मी. मी सांगायला लागलो, बारावी जनरेशन, चार कोअर, अमुक सॉकेट. तुम्ही मध्येच तोडलंत.

"खातो किती?"

"काय?"

"वॅट रं, वॅट."

"साठ."

"मग रडतोस कशाला? ह्या हिच्यात," असं म्हणत तुम्ही पायानेच एक मेलेला अँप्लिफायर पुढे सरकवलात, "एका बाजूला चार टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टर हायत. एकेकाला कागदावर ११५ लिवल्यात. खरं पन्नास बी न्हाईत, पर रात्रभर देवीपुढं तापत्यात. साठ वॅट म्हंजे साठ वॅट. कुणाचं का असंना."

खरं सांगतो काका, चार दिवस मी मॉडेल नंबरांतच फिरत होतो. या कूलरला ते ब्रॅकेट चालेल का, त्या ब्रॅकेटला हा स्क्रू चालेल का. शेगडीवर भांडं ठेवायचंय, भांडं तळाला नीट टेकलं पाहिजे, एवढाच प्रश्न आहे हे मला सुचलंच नाही.

तुम्ही त्या अँप्लिफायरचा काळा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा ठोकळा, काढलात आणि हॅकसॉने त्याचा सहा सेंटीमीटरचा तुकडा पाडलात. ट्रान्झिस्टरची भोकं नसलेला भाग निवडलात, हे मला नंतर कळलं. मधल्या दोन पात्या पक्कडीने मागेपुढे वाकवून मोडल्यात, की तिथून आडवी पट्टी जावी. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन छोट्या पट्ट्या, त्यांना ७८ वर भोकं. इंग्रजी एच अक्षर झालं. खालून तीन एमएमचे स्क्रू आणि बोर्डाला लागून फायबरचे वायसर, नाहीतर स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या एखाद्या ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या रेघेवर, टेकलं असतं आणि माझी दिवाळी तिथेच झाली असती. नटाखाली बॉलपेनच्या स्प्रिंगा घालू या, असं मी सुचवलं. तुम्ही नुसतं बघितलंत. मग जुन्या टेपमधल्या चार जाड स्प्रिंगा डबीतून काढल्यात.

प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट संपली होती म्हणून मी टूथपेस्टची ट्यूब आणली होती, खिशात होती. ती तुम्ही पाहिलीत की नाही ठाऊक नाही. पाहिली असेल तर विसरून जा. दोन दिवसांत पाणी उडून तिचा खडू झाला असता.

पण मला आठवतं ते काच आणि पॉलिश पेपर. दुकानाच्या काउंटरवरची काच पुसून तुम्ही त्यावर पेपर ठेवलात, तुकड्याच्या तळाला निळ्या मार्करने रेघा मारल्यात आणि घासायला लागलात. इंग्रजी आठचा आकडा काढत. थोड्या वेळाने उलटा करून दाखवलात. कडेच्या रेघा गेल्या होत्या, मधल्या तशाच. "पोट आत गेलंय," म्हणालात. पुन्हा घासलात. पेपर बदललात, आणखी बारीक. तासाभराने सगळ्या रेघा गेल्या, तेव्हा स्टीलची पट्टी उभी धरून ट्यूबलाइटकडे तोंड करून फटीतून उजेड येतो का ते पाहिलंत. बाहेर दोन मंडळांची पोरं त्यांच्या मिक्सरसाठी ताटकळत उभी होती. त्यांना तुम्ही काय सांगितलंत ते इथे लिहीत नाही.

मग तुमची ती पांढरी पेस्ट, ट्रान्झिस्टरखाली लावता ती. मी भसकन डबीभर काढली. "भाकरीवर लोणी थापतोयस का?" धातू कितीही घासला तरी तो उंचवट्यांवरच टेकतो, मध्ये हवा राहते, आणि अॅल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पटींनी उष्णता नेतं. पेस्टचं काम फक्त त्या फटींपुरतं. हे मी वाचलेलं होतं. तुम्ही पेस्टचा तांदळाएवढा ठिपका ठेवलात, नट समोरासमोरचे अर्धा-अर्धा आटा आवळलेत, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे, आणि मग सगळं परत सोडवलंत! मला वाटलं काहीतरी मोडलं. तुम्ही तळाचा ठसा दाखवलात. तीन कोपऱ्यांत पेस्ट पसरली होती, चौथा कोरडा. त्या बाजूचा एक वायसर जाड होता. तो बदलून पुन्हा बसवलंत, पुन्हा काढून पाहिलंत, आणि मगच तिसऱ्यांदा बसवलंत.

पंखा जुन्या एसएमपीएसमधला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातला), दोन वायरींचा. वेग सांगणारी तिसरी वायर नाही म्हटल्यावर बोर्ड 'पंखाच नाही' म्हणून अडून बसला. तेवढं मी सेटिंगमध्ये जाऊन गप्प केलं. प्रोसेसरला साठऐवजी ३५ वॅटची मर्यादाही घातली. या सगळ्या प्रकरणात माझं स्वतःचं कर्तृत्व एवढंच.

आकडा ४१ वर स्थिर झाला. तुम्ही चष्मा वर करून पाहिलात आणि काळ्या पातीवर पांढऱ्या पेनने लिहिलंत: 'टेंपरवारी'. खाली तारीख. "आडवा ठेव. उभा केलास तर वजनानं बोर्ड वाकंल. आन् सा दिवसांचं सात करू नगस."

सहा दिवस कॉम्प्युटरचा डबा टेबलावर आडवा, उघडाच. आईने दुसऱ्या दिवशी धूळ बसते म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, आकडा ८८ झाला तेव्हा मला कळलं. तो रुमाल सोडला तर १७६ पानांची पीडीएफ काढतानाही काटा ७४ च्या वर गेला नाही. अकरावा फॉर्म प्रेसला गेला त्याच संध्याकाळी ब्रॅकेट आलं. नवा कूलर सगळी वॅट मोकळी सोडूनही साठीतच राहतो, दिसायलाही छान आहे. पण त्याखाली तळ कसा आहे हे मी काही काढून पाहिलं नाही. पाहायला हवं, नाही का? तुम्ही असतात तर पाहिलं असतंत.

तुकडा परत आणून दिला तेव्हा तुम्ही पैसे घेतले नाहीत. "माल माझा, माझ्याकडं आला, पैशे कशाचे?" असा तुमचा हिशेब. माझ्या हिशेबात नवरात्राच्या धंद्यातली तुमची अख्खी दुपार आहे आणि त्या दोन मंडळांच्या शिव्या आहेत.

अंक छापून आला आहे. शनिवारी घेऊन येतो. टेपमधली एक स्प्रिंग माझ्या टेबलाच्या खणात सापडली, तीही आणतो.

आपला,
मंडईपलीकडचा डीटीपीवाला