जॅक चार्ल्स यांच्याविषयी मित्रास पत्र

मेलबर्न

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या एकपात्री प्रयोगासाठी तू विषय शोधतो आहेस, हे वाचताच मला ऑस्ट्रेलियातले आदिवासी नट जॅक चार्ल्स आठवले. (दिवंगताचे नाव उच्चारू नये, असा इथल्या अनेक आदिवासी समाजांचा रिवाज आहे; त्यांच्या कुटुंबीयांनी मात्र तशी परवानगी दिली होती.)

त्यांचा जन्म १९४३ सालचा, याच शहरातला. आदिवासींची मुले काढून घेऊन गोऱ्यांच्या रीतीने वाढवायची, हे तेव्हाचे राजरोस सरकारी धोरण होते. त्यामुळे अवघ्या चार महिन्यांच्या या बाळाची आईपासून ताटातूट झाली. इथल्याच बॉक्स हिल या उपनगरातल्या मुलांच्या आश्रमात ते एकटेच आदिवासी होते आणि ‘तू अनाथ आहेस’ असेच त्यांना सांगितले गेले. त्याच बॉक्स हिलच्या बाजारात मी दर शनिवारी कोथिंबीर-मिरच्या घेतो, आणि कित्येक वर्षे मला यातले काहीही ठाऊक नव्हते. आई हयात असल्याचे त्यांना सतराव्या वर्षाच्या सुमारास कळले.

१९७१ मध्ये बॉब माझा या आदिवासी नटासह त्यांनी ‘निंडेथाना’ ही आदिवासी नाट्यसंस्था उभी केली. त्याच सुमारास एका दूरचित्रवाणी मालिकेतील आदिवासी वंशाच्या गुप्तहेराची भूमिका मात्र चेहरा काळवंडवलेल्या गोऱ्या नटाकडे गेली. पुढे चित्रपट मिळाले, नाटके मिळाली. पण हेरॉइनचे व्यसन, घरफोड्या आणि तुरुंगाच्या वाऱ्याही काही दशके चालूच राहिल्या. त्यांच्यावरच्या ‘बास्टर्डी’ (२००८) या माहितीपटात ते हे काहीही लपवत नाहीत. श्रीमंत वस्त्यांतल्या चोऱ्यांविषयी त्यांचे म्हणणे असे, की जमीन आमच्या पूर्वजांची, मी केवळ भाडे वसूल करत होतो!

तुझ्या कामाचे आहे ते त्यांचे २०१० मधले नाटक ‘जॅक चार्ल्स व्ही. द क्राउन’, म्हणजे ‘जॅक चार्ल्स विरुद्ध सरकार’. ठेंगणी मूर्ती, पांढरीशुभ्र दाढी, खर्जातला घोटीव आवाज. समोर कुंभाराचे चाक, सोबतीला वादक, आणि पाठीशी स्वतःच्याच गुन्ह्यांची सरकारी नोंद. तो माणूस प्रेक्षकांकडे दया मागत नाही, न्यायालयापुढे युक्तिवाद करतो. रडवण्याची एवढी आयती सामग्री हाताशी असताना नटाने तिला स्पर्शही करू नये, हे मला त्यांच्या साऱ्या भूमिकांहून मोठे वाटते. आपल्याकडे अशा कथेत दुसऱ्याच प्रवेशाला सारंगी सुरू झाली असती.

२०१५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांचा गौरव केला आणि त्याच सुमारास एका टॅक्सीवाल्याने त्यांच्याकडे आगाऊ भाडे मागितले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते गेले. शासकीय इतमामात निरोप मिळाला.

त्यांचे नाटक उचलू नकोस, ते त्यांचेच आहे; रचना तेवढी नीट पाहा. माहितीपट मिळवून बघ आणि मग फोन कर, फक्त इथली वेळ पाहून. मागच्या खेपेस तू मला पहाटे तीन वाजता उठवले होतेस.

तुझाच,
मेलबर्नकर