पंचबोलला आवाज परत येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आम्ही घरचे सात जण अमरावतीहून चिखलदऱ्याला जाऊन आलो, पहाटे साडेपाचला निघालो ते रात्री नऊला घरी, डब्यात पोळ्या, ठेचा न् वांग्याची भाजी. निमित्त माझी पोरगी. सात वर्षांची आहे, आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला सांगून ठेवलं होतं की पंचबोल पॉइंटवर उभं राहून हाक मारली की समोरचे डोंगर ती पाच वेळा परत देतात. आई लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेली होती तेव्हाचं तिला अजून आठवतं. पोरीनं आठ दिवस आधीच ठरवलं होतं की आपण "आजी" म्हणून ओरडायचं.

परतवाडा सोडून घाट लागला आणि सगळे गप्पच झाले हो. दोन्हीकडे साग, बांबू, मधेच असं धुकं की समोरच्या गाडीचे फक्त लाल लाइट दिसत होते, काच खाली केली तर ओल्या पाल्याचा वास. विदर्भातली आम्ही माणसं, दोन-तीन महिने ४५ डिग्रीत भाजून निघतो, आमच्यासाठी १११८ मीटरवरचं हे गाव म्हणजे काय आहे ते बाहेरच्याला सांगून नाही कळायचं. कॉफीची झाडं पोरांनी पहिल्यांदाच पाहिली. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, आणि मग त्यानं हात धुतले ते भीमकुंड, ही गोष्ट आईनं धबधब्यासमोर उभी राहून सांगितली, पोरं कान टवकारून ऐकत होती. रस्त्याच्या कडेला कोरकू बायका निखाऱ्यावर भुट्टे भाजून देत होत्या, लिंबू-मीठ लावून, तसा भुट्टा शहरात मिळत नाही.

दुपारी पंचबोलला पोचलो तर तिथे चार गाड्या डिक्की उघडून उभ्या, चारही गाड्यांत वेगवेगळी गाणी, स्पीकर फुल्ल. पोरगी कठड्यापाशी जाऊन ओरडली, परत ओरडली, घसा बसेपर्यंत ओरडली. दरीतून परत आलं ते फक्त बेसचं धडधड. आई म्हणाली, "आवाज कुठं गेला बाप्पा इथला?" आम्ही त्या मुलांना विनंती केली, एकानं बंद केलं, बाकीच्यांनी उलट वाढवलं. अर्धा तास थांबून निघालो.

मला राग गाण्यांचा नाही, आम्ही पण गाडीत गाणी ऐकतच गेलो होतो. पण ज्या जागेचं नावच आवाजावरून पडलंय तिथेच आवाज ऐकू येत नसेल तर काय उपयोग! आणि हे काही नुसतं पिकनिकचं गाव नाही, आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं. इथे रानपिंगळा आहे, तो छोटासा घुबड, जो ११३ वर्षं कोणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, १९९७ मध्ये नंदुरबारकडे परत सापडला आणि मग आपल्या मेळघाटातही. जंगलात असा पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो. आपण तिथे डीजे नेला तर काय ऐकू येणार?

संबंधितांना तुमच्या पेपरमधून एवढंच सांगायचंय की गावात शिरताना गाडीची पावती फाडतात, तिथेच सांगा की पॉइंटवर स्पीकर चालणार नाही, आणि पावतीच्या मागे छापा पण. शनिवार-रविवारी पंचबोलला एक माणूस उभा ठेवा, स्थानिक पोरांपैकीच कोणी, त्यालाही रोजगार. गाड्या शंभर-दोनशे मीटर अलीकडेच थांबवल्या तरी अर्धं काम होईल, चालायला काही कोणी मरत नाही, माझी आई सत्तरीत चालली.

पोरीला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत परत नेणार आहोत, मधल्या वारी, गर्दी नसताना. "आजी" अजून तिच्या मनात तसंच राहिलंय.

एक वाचक, अमरावती