मुक्तास, अमेरिकेतल्या डेटनच्या पत्त्यावर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, विद्यापीठातलं हे हवाईदलाच्या पैशाचं संशोधनाचं काम घेऊ का?" आणि मी "विचार करून सांगतो" म्हणत फोन तुझ्या आईच्या हातात दिला. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या डेटन विद्यापीठाबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं. १८५० साली मेरियनिस्ट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी मुलांची शाळा म्हणून ते सुरू केलं. त्या निळ्या घुमटाच्या चॅपेलचा फोटो तू पहिल्याच आठवड्यात पाठवलास तेव्हा मला हायसं वाटलं होतं. धर्मगुरूंची संस्था आहे, पोरगी चांगल्या माणसांत पडली, असं मी शेजारीपाजारी सांगितलंही. ते खोटं नव्हतं. तिथे १९९८ पासून पदवीच्या मुलांसाठी मानवी हक्कांचा अभ्यासक्रम आहे. आणि त्याच विद्यापीठाची संशोधन संस्था १९५६ पासून अमेरिकेच्या हवाईदलाची कामं करते आहे. राइट बंधूंचं गाव, शेजारी राइट-पॅटरसनचा एवढा मोठा हवाईतळ, त्यामुळे त्यात नवल नाही. इंधन, इंजिनात तापून न वितळणारे पदार्थ, उडत्या विमानाच्या काचेवर पक्षी आदळला तर काय होईल याच्या चाचण्या. पक्ष्यांचं वाचून बरं वाटलं, वैमानिकाचा जीव वाचतो. पण तेच विमान बॉम्ब घेऊन निघालं तरी काच तीच असते ना?

वाचता वाचता जोसेफ डेश हे नाव सापडलं. तुमच्याच विद्यापीठाचा १९२९ चा पदवीधर, कॅथलिक घरातला. दुसऱ्या महायुद्धात तो डेटनमध्येच एनसीआर या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. जर्मन पाणबुड्यांचे एनिग्मा या यंत्रावर सांकेतिक केलेले संदेश फोडण्यासाठी अमेरिकी नौदलाला यंत्रं हवी होती, ती त्यानं आखली. अशी शंभरावर यंत्रं तिथे बनली. नौदलातल्या शेकडो मुली रात्रंदिवस तारा जोडत बसायच्या, आणि आपण नेमकं काय जोडतोय हे त्यांना माहीत नव्हतं. काम उशिरा होतंय म्हणून समुद्रात माणसं मरतायत, असं डेशला ऐकवलं जायचं. १९४४ मध्ये तो कोलमडला, काम टाकून एका मित्राच्या शेतावर लाकडं फोडत राहिला, मग परत आला. युद्धानंतर सरकारनं त्याला पदक दिलं, तेही गुपचूप. बाप काय करत होता, हे त्याच्या मुलीला फार उशिरा कळलं. ते काम जिथे झालं ती जमीन पुढे तुमच्या विद्यापीठानं विकत घेतली आणि ती इमारत पाडली. तू रोज त्याच बाजूनं जात असशील.

त्या मुलीपाशी मी अडकलो, मुक्ता. चौथीत असताना "माझे बाबा" या निबंधात तू लिहिलं होतंस की माझे बाबा पितळेची भांडी बनवतात. कारण तू विचारलंस की मी म्हणायचो, "पितळेचं काम असतं." बाईंनी शेरा दिला होता, छान. ती वही अजून कपाटात आहे.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं होतो, हे तुला मोठेपणी कळलं, पण काय करत होतो हे मी नीट कधी सांगितलंच नाही. सांगतो. काडतुसाची पितळी केस माझ्या टेबलावर यायची. तिला गेज लावायचा, एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मापात नसेल ती बाजूला. दिवसाला किती हजार केस हातातून गेल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं आणि ओव्हरटाइम सुरू झाला. रात्री घरी आलो की टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या. आपल्या पोरांच्या बंदुकीत माझी गोळी अडकू नये म्हणून मी त्या दिवसांत जेवढं लक्ष देऊन काम केलं तेवढं आयुष्यात कधी केलं नाही. त्याच ओव्हरटाइमच्या पैशातून पिंपळे गुरवच्या फ्लॅटचं बुकिंग झालं, ज्या घरात तू वाढलीस. मला त्या कामाची लाज नाही. पण समोरच्या बाजूला ज्याला ती गोळी लागली, त्याच्याबद्दल मी कुणाशी एक शब्द बोललो नाही. तुझ्या आईशीही नाही.

१९८३ साली अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी युद्ध आणि शांततेवर एक मोठं पत्र काढलं होतं. अण्वस्त्रांवर त्यात बरंच आहे. पण शस्त्रांच्या उद्योगात काम करणाऱ्यांसाठीही त्यात मजकूर आहे. ज्याला मनाला पटत नाही म्हणून ते काम सोडायचंय त्याला कॅथलिक समाजानं आधार द्यावा, आणि जो त्यात राहतो त्याला आपलं काम पुन्हा पुन्हा तपासून पाहायला साथ द्यावी, असा त्याचा आशय. मी ते दोनदा वाचलं. आमच्या वस्तीत, देवळात, युनियनच्या सभेत हा विषय कधी निघाला नाही. बोनस निघायचा, क्वार्टर निघायची.

म्हणून तुला "घे" किंवा "घेऊ नको" असं मी सांगणार नाही. फी भरून निघेल, कर्ज हलकं होईल, हे मला कळतं. पण कर्जासाठी हो म्हणू नकोस, ते आपण फेडू, माझं पेन्शन चालू आहे. तू म्हणालीस की परदेशी विद्यार्थ्यांना शस्त्रांच्या थेट कामाला हात लावू देत नाहीत, आणि तुझं काम सिरॅमिकवरचं, उघडपणे छापता येणारं आहे, फक्त पैसा हवाईदलाचा. मग सरांना सरळ विचार की हा पदार्थ कशात बसणार आहे. इंजिनात, की क्षेपणास्त्राच्या टोकात? त्यांना ठाऊक नसेल तर तसंही ते सांगतील. विचारल्यानं कुणी रागावलं तर तेही तुला कळलेलं बरं. आणि पुढे नियम बदलले, काम बंद दाराआड गेलं, आईला सांगता येईना असं झालं, तर त्या दिवशी मला फोन कर. काय चाललंय ते नको सांगूस, नुसती बोलत राहा.

शनिवारी मी जागा राहीन. आपले रात्रीचे साडेनऊ, तुझे दुपारचे बारा. सर काय म्हणाले ते सांग. आणि तू काही विचारलंस, तर या वेळी मी फोन आईकडे देणार नाही.

तुझे
बाबा